चिठ्ठीवरचा '१६' आणि डोळ्यामागची नस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च महिन्यात काचबिंदू सप्ताह येतो आणि इंदुरात रामबागेपासून सुदामानगरापर्यंत नेत्रशिबिरांचे फलक लागतात. गणेशोत्सवात मंडळांच्या मांडवांतही अशी शिबिरे भरतात. यंत्र डोळ्यावर हवेची फुंकर मारते, चिठ्ठीवर डोळ्यातल्या दाबाचा '१६' किंवा '१८' असा आकडा पडतो, त्यापुढे कुणीतरी 'नॉर्मल' लिहितो आणि माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. शिबिरे भरवणाऱ्यांच्या हेतूबद्दल काहीच म्हणायचे नाही. म्हणायचे आहे ते त्या चिठ्ठीबद्दल. काचबिंदू हा डोळ्यामागच्या नसेचा आजार आहे. दाब हे त्याचे सर्वांत मोठे कारण असले, तरी दाबाच्या आकड्यावरून नसेची हालत कळत नाही. नस बघावी लागते, आणि चिठ्ठीवर नेमकी तीच नसते.

आपल्या इंदूरकर मराठी घरांत आधी शब्दाचाच घोटाळा होतो. आपण 'काचबिंदू' म्हणतो, पण शेजारी, औषधवाला, दवाखान्यातला कंपाउंडर सगळे 'काला मोतिया' म्हणतात, आणि हळूहळू आपल्याही तोंडी तेच बसते. मग घरात हिशेब असा होतो की मोतिया तो मोतियाच, पांढरा काय आणि काळा काय. पिकला की काढून टाकू, आधी मुलीचे लग्न उरकू. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून नवे बसवले की पुन्हा दिसते, त्यामुळे तिथे थोडी वाट पाहिली तरी बहुधा बिघडत नाही. काचबिंदूत झिजते ती नस. तिचे तंतू एकदा मेले की पुन्हा उगवत नाहीत, आणि नवी नस बसवण्याची शस्त्रक्रिया अस्तित्वात नाही. इथे पिकायचे काही नसते, नुसते गमवायचे असते.

आता दाब येतो कुठून ते पाहू. डोळ्यातल्या रंगीत पडद्याच्या, म्हणजे आयरिसच्या मागे सिलिअरी बॉडी नावाचा कंगोरेदार पट्टा असतो. त्यातून मिनिटाला साधारण २ ते २.५ मायक्रोलिटर पाणी पाझरते. हे अश्रूंचे पाणी नव्हे. अश्रू डोळ्याच्या बाहेरचे, हे आतले. भिंग आणि कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा समोरचा पारदर्शक भाग, यांना रक्तवाहिन्या नाहीत, त्यांचे पोषण याच पाण्यावर चालते. ते बाहुलीतून पुढच्या कप्प्यात येते आणि कॉर्निया व आयरिस जिथे मिळतात त्या कोनातल्या बारीक जाळीतून झिरपून श्लेमच्या कालव्यात आणि तिथून शिरांत जाते. पुढच्या कप्प्यात मावते जेमतेम पाव मिलिलिटर, म्हणजे पावणेदोन तासांत सगळे पाणी बदलते. नळ चालूच राहिला आणि मोरीची जाळी तुंबली की न्हाणीघरात पाणी चढते, तसाच हा दाब चढतो. जाळी आतून चिवट होऊन तुंबली तर तो उघड्या कोनाचा काचबिंदू. जाळी चांगली, पण आयरिसच पुढे सरकून मोरीवर पायपुसणे पडावे तशी पडली, तर तो बंद कोनाचा. आपल्याकडे दुसरा प्रकारही बराच आढळतो. त्याकडे पुढे येतो.

निरोगी डोळ्यातला दाब बहुधा १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. ही २१ ची रेघ निसर्गाने आखलेली नाही. लोकांच्या दाबाची सरासरी १५-१६, तिच्यावर दोन प्रमाण विचलने, एवढ्या संख्याशास्त्रातून ती आली आहे. कुणाची नस २६ वर वर्षानुवर्षे टिकते, तर कुणाची १७ वर झिजते. हे असे का, ते नस डोळ्याबाहेर पडते त्या जागेकडे पाहिले की कळते.

डोळ्याची पांढरी भिंत चांगली चिवट असते, पण मागच्या बाजूला तिला एक वाट ठेवावी लागली आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्यावरचे (रेटिनावरचे) १० ते १२ लाख तंतू तिथे एकत्र येऊन मेंदूकडे निघतात. त्या वाटेचा व्यास सुमारे दीड मिलिमीटर. ती उघडीच राहिली असती तर आतला दाब सगळे मागे ढकलून देता, म्हणून तिथे तंतुमय ऊतींची एक चाळणी ताणलेली आहे. थरावर थर, प्रत्येक थराला छिद्रे, आणि छिद्रांतून नसेच्या तंतूंचे जुडगे ओवलेले. एवढ्या महत्त्वाच्या जागी भिंतीची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी! चाळणीच्या पुढून डोळ्याचा दाब रेटतो, मागून मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब टेका देतो, जो आडव्या पडलेल्या माणसात साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. पुढचा रेटा वाढला किंवा मागचा टेका कमी पडला की चाळणी मागे पोक काढते. थर एकमेकांवरून सरकतात, समोरासमोरची छिद्रे तिरकी होतात आणि आतले तंतू बागेतल्या पाण्याच्या नळीला घडी पडावी तसे मुरगळतात.

तंतूतून नुसते संदेश जात नाहीत. पडद्यावरच्या पेशीकडून मेंदूकडे आणि मेंदूकडून पेशीकडे अशी पोषक द्रव्यांची वाहतूक दोन्ही दिशांनी सतत चालू असते. घडी पडली की ही वाहतूक चाळणीपाशी तुंबते. मेंदूकडून येणारा खुराक बंद झालेली पेशी काही काळ तग धरते आणि मग स्वतःलाच संपवण्याचा तिच्यात लिहिलेला क्रम सुरू होतो. याच चाळणीतल्या केशवाहिन्यांतून तंतूंना रक्त मिळते, त्याही दबतात. रक्ताचा दाब कमी आणि डोळ्याचा जास्त, अशी गाठ पडली तर नुकसान अधिक. म्हणूनच ज्यांची नस आधीच नाजूक आहे आणि जे रक्तदाबाची गोळी रात्री झोपताना घेतात, त्यांनी वेळेबद्दल आपल्या फिजिशियनला विचारावे. झोपेत रक्तदाब तसाही उतरतो, त्यात गोळीची भर पडते. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही.

चाळणीची छिद्रे वरच्या आणि खालच्या बाजूला मोठी असतात आणि तिथली जाळी विरळ असते. साहजिकच आधी बळी जातो तो तिथल्या तंतूंचा. हे तंतू दृष्टीच्या मध्यबिंदूला वळसा घालून आलेले असतात, त्यामुळे नजरेतला पहिला तुकडा हरवतो तो धनुष्यासारखा वाकडा आणि बहुधा नाकाच्या बाजूने. अगदी मधले, अक्षर वाचणारे तंतू शेवटपर्यंत टिकतात. पेपर वाचता येतो, सुईत दोरा ओवता येतो, तक्त्यावरची ६/६ ची ओळ खडाखडा म्हणता येते, आणि तरी अर्धी नस गेलेली असू शकते. त्यात दुसरा डोळा उणीव भरून काढतो आणि मेंदू रिकाम्या जागी आसपासचे चित्र पसरून देतो. काळा डाग असा दिसतच नाही. वरची कड झिजली की नजरेचा खालचा भाग जातो. अशा माणसाला पायरी चुकते, फुटपाथची कड दिसत नाही, आणि घरचे 'वय झाले' म्हणून सोडून देतात.

मापण्याच्या यंत्राची प्रामाणिक बाजूही सांगायला हवी. सर्वांत भरवशाचे मानले जाते ते गोल्डमनचे टोनोमीटर. डोळा बधिर करून कॉर्नियाचा ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग हलकेच सपाट करायचा आणि त्यासाठी लागलेले बळ मोजायचे. नेमका हाच व्यास का, तर एवढ्या क्षेत्रावर कॉर्नियाचा ताठरपणा आणि अश्रूंची ओढ एकमेकांना छेद देतात, आणि १ ग्रॅम बळ म्हणजे १० मिलिमीटर असा सोपा हिशेब बसतो. पण हे सगळे कॉर्निया सुमारे ५२० मायक्रॉन जाडीचा धरून. कॉर्निया पातळ असला तर यंत्र दाब कमी दाखवते, जाड असला तर जास्त. चष्मा घालवण्यासाठी लेसर केलेल्या तरुणांचा कॉर्निया मुद्दाम पातळ केलेला असतो. त्यांच्या डोळ्यातला '१४' हा खरा १४ नसतो, आणि असे लोक आता चाळिशीत येऊ लागले आहेत. त्यांनी डॉक्टरांना जुन्या लेसरची आठवण आपणहून द्यावी. जाडी मोजून आकड्यात बेरीज-वजाबाकी करण्याचे तक्ते मिळतात. त्यांच्यावर विसंबण्यासारखे काही नाही. जाडी ही धोक्याची सूचना म्हणून वाचावी, एवढेच.

फुंकरीचे यंत्र क्षणार्धात मोजते, आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर डोळ्याचा दाब दोन-तीन मिलिमीटरने वरखाली होतो. म्हणून एका फुंकरीवर थांबू नये, निदान तीन घेऊन सरासरी काढावी. माणूस घाबरून डोळे घट्ट मिटतो, श्वास रोखतो, कॉलर आवळलेली असते, पापणी उचलणारे बोट डोळ्यावरच दाबले जाते. या प्रत्येकाने आकडा फुगतो. गोल्डमनच्या तपासणीत डोळ्यात घालायचा पिवळा रंग जास्त पडला तरी आकडा जास्त येतो. जुन्या वजनाच्या श्योट्झ यंत्रात मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्याची भिंत मऊ असल्यामुळे दाब खोटाच कमी दिसतो.

शिवाय वेळ. निरोगी डोळ्यातही दाब दिवसभरात ३ ते ६ मिलिमीटरने बदलतो. काचबिंदूच्या डोळ्यात हा चढउतार ८-१० पर्यंत जातो, आणि पुष्कळांत शिखर गाठले जाते ते रात्री झोपेत किंवा पहाटे. शिबिर मात्र अकरा वाजता, पोहे-जिलेबी झाल्यावर सुरू होते. संशय असेल तर वेगवेगळ्या वेळी चार-पाच मापे घ्यावी लागतात.

तर आकडा कुणाला निर्दोष ठरवत नाही. गंमत अशी की तो दोषीही ठरवत नाही. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दाब जास्त पण नस निरोगी असलेले लोक घेतले होते. पाच वर्षांत उपचाराविना ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, थेंब घालणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. थेंबांनी धोका निम्म्याहून कमी झाला हे खरेच, पण उपचाराविनाही नव्वद टक्के लोक पाच वर्षे बचावले होते. तेव्हा '२४' बघून धास्तावू नये आणि '१६' बघून निवांत होऊ नये. दाब 'नॉर्मल' असूनही नस झिजणाऱ्यांवरची चाचणी १९९८ मध्ये आली. त्यांचा दाब आणखी ३० टक्क्यांनी उतरवला तेव्हा आजार पुढे सरकण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. म्हणजे १६ हा आकडा ज्या नसेला सोसत नाही, तिला ११ मानवतो. दाब आणि नस यांचे नाते असे माणसागणिक ठरते.

मग बघायचे काय? पहिले म्हणजे नसेचे तोंड. ते दिसावे म्हणून हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये ऑफ्थॅल्मोस्कोप हे यंत्र शोधले. त्याचा हातात धरायचा वंशज आज प्रत्येक नेत्रतपासनिसाच्या खिशात मावतो. नसेच्या गोल तोंडात मधोमध एक खळगा असतो. तंतू मेले की कड बारीक होते आणि खळगा रुंदावतो. खळग्याचे तोंडाशी प्रमाण बहुतेकांत ०.३ च्या आसपास असते; ०.७ असेल किंवा दोन डोळ्यांत ०.२ हून जास्त फरक असेल तर शंका घ्यावी. इथेही नुसत्या आकड्याच्या मागे लागू नये. मुळात नसेचे तोंड मोठे असेल तर ०.६ चा खळगाही निरोगी असतो, आणि लहान तोंडात ०.४ सुद्धा आजारी. कड कशी आहे ते पाहायचे: निरोगी डोळ्यात खालची कड सर्वांत जाड असते, ती कुरतडल्यासारखी दिसली किंवा कडेवर रक्ताची बारीक रेघ दिसली, तर दाब १४ असला तरी त्या माणसाला सोडू नये.

दुसरे, गोनिओस्कोपी. बधिर केलेल्या डोळ्यावर आरशांचे भिंग टेकवून मोरीची जाळी उघडी आहे की झाकलेली, हे पाहणे. बाहुली मोठी करण्याचे थेंब घालण्याआधीच हे करायचे असते. दोन-तीन मिनिटांचे काम, तरी गर्दीत ते बरेचदा राहून जाते. रुग्णाने 'कोन बघितला का?' असे विचारायला काहीच हरकत नाही.

तिसरे, दृष्टिक्षेत्र तपासणी, म्हणजे अंधाऱ्या अर्धगोलात ठिपका दिसला की बटण दाबणे. ही परीक्षा लोकांना छळ वाटते, कारण 'मला अर्धे ठिपके दिसलेच नाहीत' अशी खंत घेऊनच ते बाहेर पडतात. वास्तविक यंत्र मुद्दामच प्रकाश मंद करत नेते. अर्धे न दिसणे हेच अपेक्षित असते. नजर मधल्या दिव्यावर ठेवावी, ठिपक्यामागे धावू नये, पापण्या मिटाव्याशा वाटल्या की मिटाव्यात, पापणी ओघळत असेल तर चिकटपट्टीने वर धरायला सांगावे, आणि जवळच्या नंबराचे भिंग यंत्रात बसवले आहे याची खात्री करून घ्यावी. पहिली परीक्षा शिकण्यातच जाते, ती बिघडली तर पुन्हा द्यावी. आजार किती वेगाने चालला आहे हे ठरवायला पहिल्या दोन वर्षांत सहा वेळा तरी ही तपासणी व्हावी, असे तज्ज्ञांचे मत आहे. प्रत्यक्षात पहिल्यानंतर दुसरी होते ती सहसा बऱ्याच वर्षांनी.

ओसीटी नावाच्या डोळ्याच्या स्कॅनच्या रंगीत कागदाला अलीकडे फार मान मिळतो. तो तंतूंच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये देतो, आणि क्षेत्रात खोट दिसण्याआधी चतुर्थांशाहून अधिक पेशी गेलेल्या असू शकतात, त्यामुळे सुरुवातीच्या काळात त्याचा उपयोग मोठा. पण मायनस नंबराचे निरोगी डोळेही त्या कागदावर लाल येतात, कारण त्यांचे तंतू वेगळ्या वाटेने गेलेले असतात. डोळा नीट न पाहता लाल रंगावर आयुष्यभराचे थेंब सुरू झालेली उदाहरणे कमी नाहीत.

बंद कोनाकडे यायचे म्हटले होते. लहान आकाराचे, प्लस नंबरचे डोळे, त्यातही बायकांचे, पन्नाशीनंतर भिंग जाड होत गेले की अडचणीत येतात. अंधारात बाहुली मोठी होते, किंवा सर्दीची गोळी, पोटदुखीचे काही औषध निमित्त होते, आणि आयरिस जाळीवर चिकटते. दाब काही तासांत ५०-६० वर जातो. डोळा लाल, कपाळ ठणकते, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलये, आणि उलट्या. उलट्यांमुळे घरचे 'पित्त उसळले' म्हणतात, कोकमाचे सरबत देतात, रात्र काढतात. एवढ्या दाबाखाली नसेला एक रात्रही जड जाते. डोकेदुखी, उलटी आणि एक लाल, धुरकट डोळा असे एकत्र आले की पोटाच्या डॉक्टरकडे न जाता रात्रीच डोळ्यांच्या तातडीच्या विभागात जावे. तिथे दाब उतरवण्याची गोळी व शिरेतून औषध देतात आणि मग लेसरने आयरिसला बारीकसे भोक पाडतात, म्हणजे पाण्याला आडवाट मिळते. दुसऱ्या डोळ्यालाही तसेच भोक लगेच पाडून घ्यावे. घडण दोन्हींची सारखीच असते. एक अपवाद: अर्धशिशीसाठी दिल्या जाणाऱ्या टोपिरामेटने दोन्ही डोळ्यांचे कोन एकदम बंद होऊ शकतात, आणि तिथे भोक पाडून उपयोग नसतो, गोळी थांबवावी लागते. गोळ्यांची पुडी सोबत न्यावी ती यासाठी.

आता माळव्यातल्या उन्हाळ्याबद्दल. धूळ आणि ऊन सुरू झाले की मुलांचे डोळे खाजतात, लाल होतात. एकदा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या स्टिरॉइडच्या थेंबांनी जादूसारखा आराम पडतो, मग पुढची तीन वर्षे तीच बाटली चिठ्ठीशिवाय येत राहते. स्टिरॉइडने मोरीची जाळी चोंदते. साधारण एक तृतीयांश लोकांत दाब मध्यम चढतो, शंभरातल्या पाच-सहांत खूपच, आणि तो काही आठवड्यांत चढतो. डोळा दुखत नाही, मूल तक्रार करत नाही. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेड्निसोलोन यांपैकी काही लिहिले असेल तर ती घरातल्या फडताळात ठेवू नये. तान्ह्या बाळाचा प्रकार आणखी फसवा. त्याच्या डोळ्याची भिंत कोवळी असल्याने दाबाने डोळाच ताणून मोठा होतो, आणि आल्यागेल्याकडून 'काय टपोरे डोळे!' असे कौतुक होते. डोळे मोठे, सतत पाणी, उजेड सोसत नाही, बुबुळावर दुधासारखी झाक: असे बाळ त्याच आठवड्यात दाखवावे. बाळांत वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर नसेचा खळगा चक्क भरून आलेला दिसतो, जे मोठ्यांत होत नाही.

सकाळी बागेत फिरणाऱ्या मंडळींसाठी दोन गोष्टी, रागावू नये ही विनंती. शीर्षासनात डोळ्याचा दाब सुमारे दुप्पट होतो. नस निरोगी असेल तर करा. झिजलेली असेल तर शीर्षासन, सर्वांगासन आणि डोके बराच वेळ खाली राहील अशी आसने सोडा. चालणे, प्राणायाम, सूर्यप्रकाश यांना आडकाठी नाही. नियमित चालण्याने दाब थोडा उतरतोच. दुसरे, उषःपान. एका दमात लिटरभर पाणी प्यायले की पाऊण तासाच्या आत दाब चढतो. काचबिंदूची मोरी किती क्षमतेची आहे हे तपासायला ही युक्ती दवाखान्यात मुद्दाम वापरली जात असे. तेवढेच पाणी पेलाभर, पेलाभर करत तासाभरात प्या.

थेंबांबद्दल थोडे सविस्तर, कारण पैसे आणि नस दोन्ही इथेच वाया जातात. एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो आणि खालच्या पापणीच्या खोबणीत त्याच्या निम्मासुद्धा नीट टिकत नाही. दुसरा थेंब म्हणजे नुसती गालावर धार. लॅटॅनोप्रोस्टच्या अडीच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ८० थेंब निघतात. दोन डोळ्यांना रोज एक याप्रमाणे महिना निघायला हवा. बाटली विसाव्या दिवशी संपत असेल तर थेंब डोळ्याबाहेर पडत आहेत, आणि पेन्शन येईपर्यंतचे दहा दिवस नस उघड्यावर आहे. डोके मागे, खालची पापणी ओढून खोबणी करायची, बाटलीचे टोक टेकवायचे नाही, एक थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरायचा. कोपरा दाबला नाही तर औषध अश्रुनलिकेतून नाकात आणि थेट रक्तात जाते. टिमोलॉलच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे: दमा असलेल्या किंवा नाडी मंद असलेल्या माणसाला तो 'फक्त थेंब' दवाखान्यात पोचवू शकतो, म्हणून या दोन गोष्टी विचारल्या नसल्या तरी सांगाव्यात. दोन औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. लॅटॅनोप्रोस्टची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची असते. मे महिन्यातल्या इंदुरात उघडलेलीही फ्रिजच्या दारात ठेवलेली बरी, बर्फाच्या कप्प्यात मात्र नको. उघडल्यावर महिन्याभरात संपवावी. तपासणीच्या दिवशीही थेंब घालूनच जावे. 'खरा दाब कळावा' म्हणून बंद करून जाणारे बरेच असतात आणि त्यांच्यामुळे औषध विनाकारण वाढवले जाते.

थेंबांऐवजी जाळीवर लेसरने सुरुवात करण्याचा पर्यायही आता भक्कम पुराव्याचा आहे. इंग्लंडमधल्या २०१९ च्या चाचणीत लेसर घेतलेल्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लोक तीन वर्षांनी थेंबांविना होते. रोज थेंब घालणे ज्यांच्याकडून होत नाही त्यांनी याबद्दल जरूर विचारावे. त्याने भागले नाही तर पाण्याला नवी वाट करून देणारी शस्त्रक्रिया असते. ती गेलेली नजर आणत नाही, उरलेली राखते, हे शस्त्रक्रियेआधीच घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावे. नाहीतर 'ऑपरेशन फसले' असे वर्षभर चालते.

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने नस एकदा दाखवावी; ज्यांच्या आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू आहे, मायनस नंबर मोठा आहे किंवा जे स्टिरॉइड घेतात, त्यांनी त्याआधीच. २०१० च्या एका अंदाजानुसार भारतात चाळिशीवरचे १ कोटी १२ लाख लोक काचबिंदूने ग्रस्त होते, आणि आंध्रात घरोघरी केलेल्या तपासणीत सापडलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांना आपल्याला आजार आहे हेच ठाऊक नव्हते.

तेव्हा शिबिर भरवणाऱ्या मंडळांना एक सूचना. चिठ्ठीचा नमुना बदला. दाब लिहिताना कोणत्या यंत्राने आणि किती वाजता मोजला ते लिहा. त्याखाली दोन रकाने छापा: 'नसेचा खळगा, उजवा' आणि 'नसेचा खळगा, डावा'. हाती धरायच्या ऑफ्थॅल्मोस्कोपने दोन्ही डोळ्यांना मिळून तीन-चार मिनिटे लागतात. दोनशेऐवजी ऐंशी माणसे तपासून होतील. नस दिसली नाही तर रकाना रिकामा न सोडता 'दिसली नाही' असे लिहा आणि 'नॉर्मल' हा शब्द छापूच नका. ही चिठ्ठी लोकांनी आधारकार्डासारखी जपून ठेवावी, कारण पाच वर्षांनी तुलना करायला ०.३ की ०.४ एवढी नोंदसुद्धा डॉक्टरांना पुष्कळ उपयोगी पडते.

आपला,
एक नेत्रतज्ज्ञ वाचक, इंदूर
(नाव छापू नये, ही विनंती)